अकरा सोमवारांचं रक्त

भिंगबाई हे काही त्यांचं खरं नाव नाही, पण लॅबमध्ये कुणी खरं नाव विचारलंच तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. सव्वीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेल्या बाईला दुसरं काय म्हणणार? चष्मा कपाळावर सरकवायचा, खुर्ची पुढे ओढायची आणि काच भिंगाखाली घातली की जगात आग लागली तरी उठायचं नाही, असा त्यांचा खाक्या. नाकावर माशी बसू देत नसत. एखाद्या रिपोर्टवर कुणी शंका काढली तर बाई शांतपणे म्हणत, "काच आहे, भिंग आहे, या आणि बघून घ्या." आजवर कुणी आलं नव्हतं. त्यांचं कधी चुकत नाही असं लोक म्हणायचे आणि बाईही ते ऐकून घ्यायच्या. ऐकता ऐकता माणूस त्यावर विश्वास ठेवायला लागतो, ही त्यातली खरी अडचण.

लॅब पहिल्या मजल्यावर होती. खाली छापखाना, शेजारी चष्म्यांचं दुकान. वर चढलं की आधी बाकांची ओळ, मग रक्त काढायची खोली, आणि आतल्या खोलीत फ्रिजच्या बाजूला ते यंत्र. चमचाभर रक्तातला थेंब घ्यायचं आणि मिनिटाभरात तांबड्या पेशी किती, पांढऱ्या किती, प्लेटलेट किती, सगळं कागदावर छापून द्यायचं. प्लेटलेट म्हणजे रक्तातले ते बारीक तुकडे, जे जखमेवर धावून जातात आणि भोक बुजवतात. निरोगी माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात त्या दीड लाखापासून चार लाखांपर्यंत असतात.

यंत्र झालं तरी ते यंत्रच. त्याचा काटा बरोबर आहे ना, हे रोज बघावं लागतं. त्यासाठी कंपनीच्या बाटल्या येतात, ज्यांतला आकडा आधीच ठाऊक असतो. बाटलीतलं रक्त यंत्राला पाजायचं, आकडा जुळला की दिवसाची कामं सुरू. त्या वर्षी मात्र कंपनीत काहीतरी बिनसलं आणि बाटल्या यायच्या बंद झाल्या. डॉक्टर मॅडम, म्हणजे लॅबच्या मालकीण, रोज फोन करून थकल्या. बाटल्या आठवड्यात येतील, पंधरवड्यात येतील, असं ऐकत तीन महिने गेले.

बाईंनी यावर जुना उपाय काढला. ज्याचा आकडा वर्षानुवर्षं बदललेला नाही असं एखादं माणूस पकडायचं आणि त्याच्याच रक्तावर यंत्र जोखायचं. असा माणूस त्यांच्या घरातच होता. बाईंचे यजमान नळाचं काम करायचे, सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. वय बावन्न, अंगाने काटक, दिवसभर कुणाच्या मोरीखाली नाहीतर गच्चीवरच्या टाकीत. वीस वर्षांत कधी ताप आला नसेल. दरवर्षी बाई हौसेने त्यांचं रक्त तपासत आणि दरवर्षी प्लेटलेट दोन लाख साठ हजारांच्या आसपास, दगडावरची रेघ. सोमवारी सकाळी बाईंना स्कूटरवरून सोडायला आले की मिस्त्री वर येत, शर्टाची बाही सारत आणि हात पुढे करत. लॅबमध्ये त्यांना 'नॉर्मल भाऊजी' नाव पडलं होतं.

"काय हो भाऊजी, आज नॉर्मल आहात ना?" काउंटरवरची पोरगी विचारायची.

"बायकोला विचारा. माझा आकडा तिच्याकडे असतो," मिस्त्री म्हणायचे.

पहिल्या सोमवारी यंत्राने दोन लाख साठ दाखवले. तिसऱ्या सोमवारी तीन लाख. बाईंनी यंत्राच्या नळ्या धुतल्या. चौथ्या सोमवारी तीन लाख वीस. बाकी सगळं जागच्या जागी, फक्त प्लेटलेटचा आकडा वर सरकलेला. बाईंनी यंत्राला दोन शिव्या दिल्या आणि यंत्रात एक गुणक असतो तो हलवला. गुणक खाली केला की छापलेला आकडा खाली येतो. परत दोन लाख साठ. सातव्या सोमवारी पुन्हा आकडा चढला, पुन्हा गुणक खाली. दहाव्या सोमवारी तिसऱ्यांदा. एकदा मॅडमनी विचारलंही, "यंत्र इतकं का घसरतंय?" बाई म्हणाल्या, "म्हातारं झालंय. मी आहे ना."

यात त्यांनी एक गोष्ट केली नाही. ती केली असती तर ही हकीगत इथेच संपली असती. त्यांनी मिस्त्रींच्या रक्ताची काच भिंगाखाली घातली नाही. रोज चाळीस-पन्नास परक्यांच्या काचा बघणारी बाई, नवऱ्याची एक काच बघायला तिला दोन मिनिटं लागली असती. पण पट्टीने कापड मोजतात, पट्टी कुणी मोजत नाही. मिस्त्री ही बाईंची पट्टी होती.

अकराव्या सोमवारी साडेदहाच्या सुमारास मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांचा फोन आला. माणूस मुळात मऊ बोलणारा, पण आवाजात धार होती.

"बाई, तुमच्याकडून आलेल्या सगळ्यांच्याच प्लेटलेट हल्ली कमी कशा? आज एका मुलीच्या ब्याण्णव हजार आल्यात. ती माझ्यासमोर बसून सफरचंद खातेय. कुठे पुरळ नाही, कुठे रक्त नाही. एकदा काच बघता का?"

"बघते ना," बाई म्हणाल्या. आवाजात थोडा फणकारा होता. काच आहे, भिंग आहे.

त्यांनी त्या मुलीच्या रक्ताचा थेंब काचेवर ओढला, रंगवला, वाळवला आणि भिंगाखाली सरकवला. भिंगातून जेवढं गोल दिसतं त्याला घर म्हणतात. एका घरात जितक्या प्लेटलेट दिसतात त्याला पंधरा हजारांनी गुणलं की अंदाज येतो. पहिल्या घरात दहा. दुसऱ्यात नऊ. तिसऱ्यात अकरा. बाईंनी दहा घरं बघितली. सरासरी दीड लाखाच्या खाली काही जाईना. मुलगी ठणठणीत होती आणि यंत्र खोटं बोलत होतं.

पण यंत्राला खोटं बोलायला कुणी शिकवलं?

बाईंचा हात थांबला. ट्रेमध्ये सकाळची मिस्त्रींची नळी उभी होती, जांभळ्या टोपणाची, तिच्यावर नावाऐवजी नुसतं 'नॉ' लिहिलेलं. त्यांनी ती उचलली. थेंब काचेवर ओढला, रंग घातला. रंग चढेपर्यंतची सात मिनिटं त्या बेसिनपाशी उभ्या राहिल्या. काउंटरवरच्या पोरीने काहीतरी विचारलं, त्यांना ऐकू आलं नाही.

पहिल्या घरात एकतीस. बाईंना वाटलं, ही काचेची कड असेल. मधे गेल्या. अठ्ठावीस. तेहेतीस. तीस. जिकडे भिंग नेलं तिकडे तांबड्या पेशींच्या मधल्या जागा त्या जांभळ्या ठिपक्यांनी भरलेल्या, काही ठिपके नेहमीपेक्षा थोराड. साडेचार लाखांच्या वर. यंत्र पहिल्यापासून खरं बोलत होतं. बाईंनी त्याचं तोंड दाबलं होतं, तीन वेळा.

प्लेटलेट वाढायला कारणं पुष्कळ असतात. जंतुसंसर्ग, अंगावरची सूज, लोह कमी होणं. बाईंनी ती सगळी मनातल्या मनात म्हणून बघितली. पण मिस्त्रींना ताप नव्हता, हिमोग्लोबिन छान होतं, आणि अकरा आठवडे आकडा सारखा चढत होता. सव्वीस वर्षांत असे कागद त्यांच्या हाताखालून गेले होते आणि त्यातल्या काहींच्या मागोमाग कोणते रिपोर्ट आले होते तेही त्यांना पाठ होतं. त्या खुर्चीवर बसल्या आणि फोन लावला.

"कुठे आहात?"

"मोरीखाली आहे. पाना तोंडात आहे. बोल."

"पाना खाली ठेवा आणि इकडे या."

"अगं, अर्ध्यात जोड सोडलाय, पाणी..."

"पाणी बंद करा आणि या."

मिस्त्री आले ते ओल्या गुडघ्यांनीच. बाईंनी त्यांना एवढंच सांगितलं की रक्तात काहीतरी वाढलंय आणि पोटाची सोनोग्राफी करायची. त्यांनी नेहमीप्रमाणे थट्टा करायला तोंड उघडलं, बायकोचा चेहरा बघितला आणि मिटलं. दुपारी तीन वाजता, दोन गल्ल्या पलीकडे, अंधाऱ्या खोलीतल्या पडद्यावर डाव्या मूत्रपिंडात गाठ दिसली. लिंबाहून मोठी.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर मॅडमनी दोघांना आपल्या खोलीत बसवलं. मिस्त्रींना सगळं समजून घ्यायचं होतं. नळाचं काम करणाऱ्या माणसाला गळती कुठून आहे हे कळल्याशिवाय चैन पडत नाही.

"गाठ मूत्रपिंडात. मग रक्तात प्लेटलेट का वाढल्या?" त्यांनी विचारलं.

"गाठीला त्या हव्या असतात," मॅडम म्हणाल्या. "काही गाठी शरीराला निरोप धाडतात आणि हाडाच्या आतला मगज जास्त प्लेटलेट बनवायला लागतो. गाठीला वाढायला रक्त लागतं, म्हणून ती स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या काढून घेते. घाईघाईत काढलेल्या असतात, वेड्यावाकड्या आणि गळक्या. प्लेटलेट तिथे जातात आणि आपलं काम करतात, गळती बुजवतात. वर त्यांच्या पोटात जो ऐवज असतो तो तिथे सांडतो, त्याने आणखी वाहिन्या फुटतात."

"म्हणजे चोराच्या घरी नळ जोडून देतात."

"तसंच म्हणा. आणि गाठीतली एखादी पेशी सुटून रक्तात आली की तिच्याभोवती प्लेटलेट गोळा होतात. पहाऱ्यावरच्या पेशींना ती दिसत नाही. मग ती फुफ्फुसात, हाडात, कुठेतरी जाऊन चिकटते. चिकटायलाही ह्याच मदत करतात."

मिस्त्री टेबलावर पुढे झुकले. "मग मारून टाका की त्यांना. त्या रक्त पातळ करायच्या गोळ्या असतात ना?"

"ते मनाने करायचं नाही. प्लेटलेट गेल्या तर त्या कच्च्या वाहिन्यांतून रक्तस्राव होईल, गाठीत आणि बाहेरही, आणि ऑपरेशन अडेल. पुढे कधी तसा उपाय सापडेलही, लोक त्याच्या मागे आहेत. आज आपल्या हातात एकच आहे, गाठ पसरायच्या आत बाहेर काढणं."

पसरायच्या आत. बाई तेव्हापासून त्या दोन शब्दांवर अडकल्या. अकरा सोमवार गाठ निरोप धाडत होती आणि अकरा सोमवार तो निरोप बाईंच्या हातात पडत होता. त्या दिवसांत एखादी पेशी सुटली असेल का? सुटली असेल तर ती कोणत्या सोमवारनंतर? तिसऱ्या? सातव्या? असा हिशेब करून माणूस वेडा होतो, पण बाई तो करत राहिल्या. जेवताना, कपडे घालताना, स्कूटरवर मागे बसून नवऱ्याच्या पाठीकडे बघताना.

सर्जन उंच, कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी सोनोग्राफी बघितली, मिस्त्रींचं पोट चाचपलं आणि हात पुढे केला. "मागचे रक्ताचे रिपोर्ट? प्लेटलेट कधीपासून वाढल्या, ते बघायचंय."

बाईंच्या पर्समध्ये अकरा कागद होते. पहिले तीन खरे. चौथ्यापासून पुढे गुणकाने ठाकठीक केलेले, सगळ्यांवर दोन लाख साठच्या आसपासचा आकडा, खाली बाईंची सही. ते दिले असते तर सर्जनना वाटलं असतं की सगळं एकदम आत्ता उपटलं. कुणालाही कळलं नसतं. मॅडमना सोनोग्राफीचं कळलं होतं, गुणकाने काय झालं ते नव्हतं. यंत्राचा काटा बाईंनी आदल्याच दिवशी गुपचूप जागेवर आणला होता. नाव, नोकरी, सव्वीस वर्षांची शेखी, सगळं शाबूत राहिलं असतं.

"हे रिपोर्ट चुकीचे आहेत," बाई म्हणाल्या. "मी चुकीचे केले."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. कोणत्या सोमवारी गुणक किती खाली केला, त्यावरून खरा आकडा किती होता, तारखांसकट. सर्जन कागदावर मांडत गेले. मिस्त्री शेजारच्याच खुर्चीवर होते. त्यांनीही ते तिथेच पहिल्यांदा ऐकलं, कारण घरी सांगायचं धाडस बाईंना झालं नव्हतं.

"म्हणजे दोन महिन्यांपूर्वी सापडलं असतं," सर्जन म्हणाले. चिडून नाही, नोंद करावी तसं.

"हो."

"त्याने फरक पडला की नाही, हे मला सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही. छातीचा स्कॅन करून घ्या, पुढच्या आठवड्यात ऑपरेशन ठेवू."

घरी येऊन मिस्त्रींनी हत्यारांची पिशवी काढली आणि घरातले नळ खोलायला घेतले. स्वयंपाकघरातला, न्हाणीघरातला, मग गॅलरीतला, ज्याला काहीही झालेलं नव्हतं. दोन दिवस हेच.

"आई, बाबा चांगले नळ का दुरुस्त करतायत?" लेकीने विचारलं. ती कॉलेजला होती, गाठीचं तिला सांगितलं होतं, बाकीचं नाही.

"करू दे," बाई म्हणाल्या. "मी त्यांचं मोठं नुकसान केलंय. त्यांनी मला दोन शब्द बोलावेत म्हणून मी वाट बघतेय."

पण मिस्त्रींनी शब्द काढला नाही. तिसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे चहा पीत बसले, स्कॅन किती वाजता ते विचारलं. त्या विषयाला मात्र त्यांनी हात लावला नाही, आणि बाईंना ते आरडाओरड्यापेक्षा जड गेलं.

छातीचा स्कॅन स्वच्छ निघाला. तो हातात घेऊन बाई रिक्षात ढसाढसा रडल्या.

लॅबमध्ये त्यांनी मॅडमना सांगितलं तेव्हा मॅडमचं धाबं दणाणलं. नवऱ्यापुरतं ते राहणार नव्हतं. चौथ्या सोमवारपासून जितक्या लोकांचे कागद त्या यंत्रातून निघाले, त्या सगळ्यांच्या प्लेटलेट कमी छापल्या गेल्या होत्या. मॅडमनी रजिस्टर मागवलं. ज्यांच्या आकड्याने निर्णय बदलला असेल अशा एकशे बासष्ट लोकांना फोन करून परत बोलवायचं ठरलं. फोन बाईंनी करायचे, आणि चूक लॅबची आहे हे स्पष्ट सांगायचं. सहा महिने बाईंनी यंत्राला हात लावायचा नाही.

काहींनी शिव्या घातल्या, काहींनी फोन आपटला. एका शाळेतल्या शिक्षिकेची तर प्लेटलेट कमी म्हणून कमरेच्या हाडात सुई घालून मगजाची तपासणी झाली होती. सगळं ठीक निघालं, म्हणजे कारण नसताना झाली होती. बाई तिच्या घरी गेल्या. शिक्षिकेने दारातच ऐकून घेतलं.

"फार दुखलं हो," ती म्हणाली. "आणि पंधरा दिवस मी मुलांना मरणाबद्दल कसं सांगायचं याचा विचार करत होते."

बाई खाली मान घालून उभ्या राहिल्या. शिक्षिकेने दार लावलं, आपटलं नाही एवढंच.

ऑपरेशन झालं. मूत्रपिंड गाठीसकट बाहेर आलं, कडा स्वच्छ होत्या, म्हणजे कापल्या जागी गाठीचा अंश उरला नव्हता. सर्जन म्हणाले, "आता प्लेटलेटवर लक्ष ठेवा. त्या खाली आल्या आणि खालीच राहिल्या तर चांगलं. परत चढल्या तर मला लगेच कळवा." जखम भरेपर्यंत आकडा थोडा वर होता, तो असतोच. दीड महिन्याने तीन लाखांच्या खाली आला. मिस्त्री जड उचलायचं सोडून बाकी कामाला लागले. घर पुन्हा घरासारखं वागायला लागलं, अकरा सोमवारांचा विषय तेवढा वगळून.

त्यानंतर साडेचार महिन्यांनी पुढच्या तपासणीचा दिवस आला. कंपनीच्या बाटल्या आता वेळेवर येत होत्या, यंत्र चोख होतं, तरी बाईंनी मॅडमना एक विनंती केली. मिस्त्रींच्या प्लेटलेट यंत्रावर नको, हाताने मोजा. आणि मी नको, तुम्ही मोजा.

"तुमच्यासारखं मला जमत नाही, माहीत आहे ना?" मॅडम म्हणाल्या.

"माझ्यासारखं नको म्हणूनच. मला हवं ते मी बघते, हे सिद्ध झालंय."

मोजायची पद्धत जुनी आहे. रक्त शंभर पटीने पातळ करायचं, अशा द्रवात की तांबड्या पेशी विरून जाव्यात. त्याचा थेंब रेघा आखलेल्या जाड काचेवर सोडायचा, ती काच ओल्या कापसाच्या डबीत पाव तास झाकून ठेवायची म्हणजे प्लेटलेट तळाशी बसतात. मग मधल्या चौकोनातल्या एकेक मोजायच्या. जितक्या दिसतील तितके हजार. हातात मोजणीचं बटण असतं, एक प्लेटलेट दिसली की एक टिक.

मॅडम भिंगाला डोळा लावून बसल्या. बाई त्यांच्या मागे स्टुलावर, भिंतीकडे तोंड करून. सकाळची वेळ, बाहेर बाकांवर माणसं, खाली छापखान्याचा खडखडाट. टिक, टिक, टिक. बाई बघत नव्हत्या, पण कान कुणाला बंद करता येतात? त्या मोजायला लागल्या. शंभर. दीडशे. मॅडम हळू मोजतात, मध्येच थांबतात, पुन्हा सुरू. दोनशे. अडीचशे. आता थांबायला हवं. दोनशे साठ, दोनशे सत्तर. मॅडमनी काच जराशी सरकवली आणि टिकटिक चालू राहिली. तीनशे. बाईंनी दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं. तीनशे वीस, चाळीस. तीनशे नव्वदला मॅडमनी नाक ओढलं. चारशेच्या पुढे बाईंनी मोजणं सोडलं, तरी टिकटिक काही वेळ चालूच होती.

"चारशे एकतीस," मॅडम म्हणाल्या. वळून बघितलं नाही.

"दुसरी बाजू."

त्या काचेवर मोजायला दोन बाजू असतात. मॅडमनी दुसरी मोजली. चारशे चोवीस.

"बाई, ऐका," मॅडम खुर्ची वळवून म्हणाल्या. "त्यांना मागच्या आठवड्यात सर्दी झाली होती ना? सर्दीनेही चढतात. सर्जन तरी लगेच काय करणार, पंधरा दिवसांनी परत मोजू. उगाच त्यांना घाबरवायला नको."

सर्दी झाली होती, हे खरं होतं. पंधरा दिवस थांबण्यात वावगं काही नव्हतं, कुठल्याही डॉक्टरने तसंच सांगितलं असतं. बाईंच्या मनाचा प्रत्येक कोपरा त्या सर्दीकडे धावला. सर्दीच असेल. माझी काच ओली राहिली असेल. द्रव जुना असेल. कारणं रांगेत उभी राहिली, जशी ती यंत्र म्हातारं झाल्याच्या वेळी उभी राहिली होती.

त्या उठल्या आणि हातमोजे न काढताच टेबलावरचा फोन उचलला. सर्जनना दोन्ही आकडे सांगितले, सर्दीचंही सांगितलं. मग उत्तर आलं, उद्या सकाळी साडेआठला छातीचा स्कॅन.

या खेपेला घरी त्यांनी लपवलं नाही. दार उघडल्या उघडल्या मिस्त्रींना सांगितलं. मिस्त्री सोललेल्या वाटाण्यांचं ताट घेऊन बसले होते. त्यांनी एक शेंग हातात तशीच धरली.

"सर्दी होती ना मला?"

"होती. पण मी थांबले नाही."

त्यांनी ती शेंग सोलली आणि दाणे ताटात टाकले.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला सर्जननी पडद्यावर स्कॅन लावला. उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या टोकाला एक ठिपका होता, मसुराच्या दाण्याएवढा. मागच्या स्कॅनमध्ये तो नव्हता. सर्जन बराच वेळ पडदा वरखाली करून बाकीचं फुफ्फुस तपासत राहिले, आणि बाई त्यांच्या मानेकडे बघत राहिल्या.

"एकच आहे," शेवटी ते म्हणाले. "दुसरीकडे कुठे नाही. एकच असेल आणि इतका लहान असेल तर काढता येतो. त्यानंतर औषधं चालू करू. पूर्ण बरे व्हाल असं मी म्हणणार नाही. पण वेळेवर आलात."

"तो ठिपका त्या अकरा आठवड्यांत आला असेल?" बाईंनी विचारलं. सात महिने हा प्रश्न त्यांनी कुणालाच विचारला नव्हता.

"आधीही आला असेल, नंतरही. मी तुम्हाला खोटं बरं वाटायला लावणार नाही."

बाहेर व्हरांड्यात दोघं बाकावर बसले. समोरून झाडूवाली पाण्याची बादली घेऊन गेली. मिस्त्री हातातल्या कागदाची घडी घालत होते, उलगडत होते.

"मला त्या सोमवारांचा राग येतो," ते म्हणाले. "रोज येतो. सकाळी उठलो की पहिला तोच येतो. तुला बोललो नाही."

"माहीत आहे. बोलायला हवं होतंत."

"काल संध्याकाळी तू फोन केल्याचं सांगितलंस ना, तेव्हापासून आला नाही. सकाळी उठलो तेव्हाही नाही." त्यांनी कागद बाईंच्या हातात दिला. "उद्या येईलही परत. पण आज नाही."

बाई रडायला लागल्या, चारचौघांत, व्हरांड्याच्या मध्यावर. मिस्त्रींनी त्यांना रडू दिलं. मग ते उठले आणि ऑपरेशनची तारीख घ्यायला खिडकीपाशी रांगेत जाऊन उभे राहिले.